पॉलिसीतल्या आरएसएवर एवढी भिस्त नको

'विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स (आरएसए, म्हणजे गाडी वाटेत बंद पडली तर मिळणारी मदत) घेतलं की निर्धास्त' हे नागपूर-अमरावतीपुरतं पटतं. परतवाड्याहून धारणीकडे निघालं की मेळघाटातल्या सेमाडोहच्या आसपास बराच वेळ रेंजच नसते, मग कसलं ॲप अन् कसलं लोकेशन! आमची गाडी तिकडे बंद पडली तेव्हा एका बाइकवाल्याच्या मागे बसून रेंजपर्यंत जावं लागलं. वर कॉल सेंटरवाली विचारते, "सर, जवळचा लँडमार्क?" सागाच्या जंगलात लँडमार्क काय सांगणार, कपाळ! शेवटी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून दाखवला तेव्हा काम पुढे सरकलं.

त्या दगडाकडे सगळ्यांनीच बघावं. माथा पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. पिवळा दिसला तर विमा कंपनीच्या आधी १०३३ लावा, ही महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. हिरव्यावर मात्र तालुक्याच्या क्रेनवाल्याचाच नंबर कामी येतो, तो आधीच घेऊन ठेवा. आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) ऑटोमॅटिक गाडी असेल तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली की गिअरबॉक्स कामातून जाऊ शकतो. क्रेनवाला "काही नाही होत भाऊ" म्हणेलच, ऐकू नका.