शब्दचर्चा : ‘रिदम-अ‍ॅक्शन’ गेमला मराठीत काय म्हणावं?

कळबडव्या :
हाय-फाय रश या गेमवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. ‘हा लयबद्ध मारामारीचा गेम आहे’ असं लिहिलं, तर ते कवायतीचं वर्णन वाटायला लागलं.
ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : टँगो गेमवर्क्सचा गेम. २५ जानेवारी २०२३ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. नायकाचं नाव चाय. त्याच्या छातीत अपघाताने एक म्युझिक प्लेअर बसतो आणि तेव्हापासून भोवतालची यंत्रं, शत्रू, त्याची स्वतःची पावलं, सगळं गाण्याच्या बीटवर चालतं. मारामारीसुद्धा. रिदम, बीट, कॉम्बो (लागोपाठच्या फटक्यांची साखळी), टायमिंग हे सगळे शब्द तसेच ठेवायचे, की काही सुचवाल?

तिरकिट :
आधी लय आणि ताल यांची फारकत करा. लय म्हणजे गती, दोन मात्रांमधलं अंतर सारखं राखणं. म्हणून ती विलंबित, मध्य किंवा द्रुत असते. ताल म्हणजे मात्रांची मोजून केलेली बांधणी. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिलीवर सम म्हणजे मुख्य आघात, नववीवर खाली म्हणजे बिनआघाताची जागा, आणि फिरून पुन्हा सम. तुमच्या गेममध्ये खेळाडूने नेमकं काय सांभाळायचं असतं, गती की बांधणी? त्यावर शब्द ठरेल.

एकफ्रेम :
‘लयबद्ध’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. लय सगळ्याच फायटिंग गेममध्ये असते, गाण्याचा आवाज बंद करून खेळलात तरी. हे गेम साधारण सेकंदाला साठ फ्रेमवर (पडद्यावरच्या साठ चित्रांवर) चालतात, आणि काही लिंक (एका फटक्याला दुसरा जोडण्याच्या जागा) अशा असतात की दुसरी कळ नेमक्या एका फ्रेममध्ये दाबावी लागते. म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. डोळ्याने बघून हे जमत नाही, बोटांना लय बसावी लागते. मुरलेला खेळाडू कॉम्बो तोंडाने म्हणून दाखवतो, ‘टक, टक, टटक’. तेव्हा ‘लयबद्ध मारामारी’ म्हणालात तर सगळा फायटिंग प्रकारच त्यात आला. हाय-फाय रशमध्ये नवीन काय, तर बाहेरून वाजणारं गाणं आणि त्याच्याशी बांधलेला हात.

तिरकिट :
मग ताल. किंवा त्याहून घरगुती शब्द हवा असेल तर ठेका. तबल्यात ठेक्याला नेमका अर्थ आहे, पण गाणं ऐकताना बोटांनी टेबल वाजवणाराही ‘ठेका धरतो’. ‘ठेक्यावरची मारामारी’ कशी वाटते?

कळबडव्या :
‘ठेक्यावरची’ वाचून कुणाला कंत्राटी गुंड आठवतील अशी भीती वाटते!

एकफ्रेम :
😄 खरंय. ‘ठेक्यात मारामारी’ म्हणा.
पण एक बारकावा सोडू नका. या गेममध्ये कळ बीटवर दाबली नाही तरी फटका बीटवरच बसतो. गेम तुमची चाल ताणून-आखडून ठोक्यावर आणून ठेवतो. हलका फटका एका बीटचा, जोरकस फटका दोन बीटचा. तुम्ही स्वतः ठेका धरलात तर नुकसान जास्त होतं, गुण जास्त मिळतात. म्हणजे ताल इथे बक्षीस आहे. याउलट २०१५ चा क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर घ्या. तिथे प्रत्येक पाऊल बीटवर टाकायचं, बीट हुकला की सोन्याचा गुणक खलास. तिथे ताल हा कायदा आहे. दोन्हींना ‘तालबद्ध’ म्हटलं तर हा फरकच पुसला जातो. मी पहिल्याला ‘ठेका धरणारा’ आणि दुसऱ्याला ‘तालाला बांधलेला’ म्हणेन.

कोशवाला :
२०१६ च्या थंपरच्या निर्मात्यांनी आपल्या गेमला ‘रिदम व्हायोलन्स’ म्हटलं होतं. त्या धर्तीवर ‘तालहिंसा’?

कळबडव्या :
नको हो. पाठ्यपुस्तकातला धडा वाटतो.

कोशवाला :
बरं. मग ‘बीट’कडे वळू. ‘एकफ्रेम’ यांनी वर सहज ‘ठोका’ वापरलाय, तोच घ्या. घड्याळाचा ठोका, छातीचा ठोका, घणाचा ठोका. ठरावीक अंतराने येणारा आवाजही तो आणि आघातही तोच. शिवाय ‘ठोकणे’ आणि ‘ठोकून काढणे’ हे क्रियापदांचं बिऱ्हाड आयतं मिळतं. ‘मात्रा’ अचूक आहे, पण ती मोजायची गोष्ट, तिच्यात मार नाही. आणि ज्या नायकाच्या छातीतच गाणं वाजतंय, त्याच्यासाठी ठोक्याशिवाय दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.
फक्त ‘ठोका चुकला’ जपून वापरा. वाचक घाबरण्याचा अर्थ घेईल. कळ उशिरा दाबली असेल तर ‘ठोका हुकला’ लिहा.

कळबडव्या :
हे झकास! ‘ठोक्यावर ठोक’ हा लेखाचा मथळाच झाला.
कॉम्बो मी तसाच ठेवतोय, ‘फटक्यांची माळ’ वगैरे नको. पण कॉम्बोच्या शेवटी एक वर्तुळ आकसत येतं, ते मिटताना कळ दाबली की मोठा दणका बसतो. त्याला ‘बीट हिट’ म्हणतात. त्याचं काय करू?

तिरकिट :
‘समेवर येणे’. तिहाईत एकच तुकडा तीनदा वाजवतात आणि शेवटचा आघात समेवर पडतो. ऐकणाऱ्याला ती सम येताना आधीच दिसत असते, तुमच्या आकसत्या वर्तुळासारखी. ‘कॉम्बो समेवर आणला की दणका बसतो’ हे तबला न शिकलेल्यालाही कळेल.

एकफ्रेम :
पटलं. दोघांच्या सामन्यांचे गेमही असतात, २०२३ च्या गॉड ऑफ रॉकसारखे, जिथे दोघे एकाच गाण्याच्या खुणा पकडत एकमेकांना मारतात. त्यांना ‘जुगलबंदी’ चालेल. हाय-फाय रशला मात्र लावू नका, तिथे समोर यंत्रमानवांची झुंड असते.

कोशवाला :
थोडं विषयांतर. नाटकाची आणि गाण्याची ‘तालीम’ असते आणि पैलवान घुमतो तीही ‘तालीम’च. शब्द अरबी, अर्थ शिक्षण, ‘ताल’शी काही नातं नाही. पण १९९६ च्या पराप्पा द रॅपरमध्ये पहिलाच टप्पा कराटे शिकवणाऱ्या कांद्याच्या आखाड्यात आहे आणि तिथे लाथा-बुक्के गाण्यावर शिकवतात. त्या टप्प्याला ‘तालीम’ म्हटलं तर दोन्ही अर्थ एका दमात वसूल.

कळबडव्या :
शेवटचं विचारतो. कळ बीटच्या आधी दाबली किंवा नंतर दाबली, यासाठी काही आहे?

तिरकिट :
आहे. समेच्या आधी आलं तर अनागत, नंतर आलं तर अतीत. पण कलाकार हे मुद्दाम करतो, खेळाडूच्या हातून ते घडतं. तुम्ही सरळ ‘आधी’ आणि ‘उशिरा’ लिहा.

एकफ्रेम :
आणि टीव्हीमुळे आवाज मागे पडतो, सेटिंगमध्ये जाऊन तो जुळवून घ्यावा लागतो, त्याबद्दल लिहिताना ‘विलंबित आवाज’ लिहू नका. ‘तिरकिट’ संथ ख्याल समजून बसतील. ‘आवाज मागून येतो’ पुरे.