नव्वदीचं हिप-हॉप: सोलच्या जुन्या तबकड्या कापून केलेलं संगीत ही चोरी की कारागिरी?

रेकॉर्डधूळ (धागाकर्ता)
परवा जेवताना भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या नव्वदीच्या हिप-हॉपमध्ये त्यांचं स्वतःचं होतं काय? सगळं त्या जुन्या सोलगायक जेम्स ब्राउनचं उचललेलं." भात गार झाला, वाद संपला नाही, म्हणून इथे आणतोय.

(नवख्यांसाठी: सोल म्हणजे साठ-सत्तरीतलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, हिप-हॉप म्हणजे ठेक्यावर बोलणं, रॅप.) माझ्या मते ती कारागिरीच. त्या काळी न्यूयॉर्कच्या पोरांकडे एसपी-1200 नावाचं, तबकडीवरचा तुकडा टिपून पुन्हा वाजवणारं मशीन असायचं. त्यात सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग काय करायचे? मिनिटाला 33 फेऱ्यांची एलपी 45 च्या गतीवर फिरवायची, तो चिरका आवाज मशीनमध्ये घ्यायचा आणि आत गेल्यावर पट्टी खाली ओढायची. जागा वाचायची, शिवाय आवाजाला एक खरखरीत, मातकट पोत यायचा. पीट रॉक या हिप-हॉप निर्मात्याने 1992 मध्ये मित्राच्या, ट्रॉय डिक्सनच्या, आठवणीत केलेलं गाणं ऐका. टॉम स्कॉटच्या 1967 च्या रेकॉर्डमधला सॅक्सोफोनचा एवढासा तुकडा, पण मूळ गाणं ऐकताना तो तुकडा कधी येऊन गेला कळतही नाही. तो हेरायला कान लागतो. याला चोरी म्हणणाऱ्याने एकदा तबकड्यांच्या ढिगात बसून बघावं.

ढोलकीवाला
कान लागतो हे मान्य. पण ज्याचा हात लागला त्याचं काय? क्लाइड स्टबलफील्ड हा जेम्स ब्राउनचा ड्रमर. त्याचा 1970 चा एक ठेका हिप-हॉपवाल्यांनी इतक्या वेळा वापरलाय की मोजदाद नाही. त्याला त्यातून जवळजवळ काहीच मिळालं नाही. ग्रेगरी कोलमन या दुसऱ्या ड्रमरचं तर त्याहून वाईट. 1969 मधले त्याचे सहा-सात सेकंद जगभर वाजले आणि तो 2006 मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत गेला.

मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. माझा ठेका कोणी कापून नेला आणि वर त्यालाच कलाकार म्हणून हार घातले, तर मला गोड वाटणार नाही. तुम्हाला वाटेल?

भूप_९
ढोलकीवाले, +१. आणि हा प्रश्न कोर्टात कधीच निकालात निघालाय. 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसुलिव्हन या गायकाच्या गाण्यातला पियानो घेतला. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरी रेकॉर्ड बाजारात आणली. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या "चोरी करू नकोस" या आज्ञेने केली. आणखी काय पाहिजे?

आपल्याकडेही चाली घेतल्या जातात, किर्लोस्करांपासून घेतल्या जातात, हे कोणीतरी म्हणेलच. पण चाल घेणं वेगळं आणि दुसऱ्याने गायलेला, वाजवलेला प्रत्यक्ष आवाज घेणं वेगळं.

रेकॉर्डधूळ
भूप, तो निकाल मी वाचलाय. त्याचा परिणामही बघा की. आधी एका गाण्यात पंधरा-वीस तुकडे विणलेले असायचे. निकालानंतर प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजायचे म्हटल्यावर ते विणकाम परवडेना. मग ज्यांच्या मागे मोठी कंपनी, त्यांनी एकच प्रसिद्ध गाणं अख्खं विकत घ्यायचं आणि वर बोलायचं. म्हणजे आळशी काम कायदेशीर झालं आणि मेहनतीचं काम बेकायदा. डे ला सोल या हिप-हॉप गटाचा 1989 चा पहिला अल्बम या परवानग्यांच्या गुंत्यामुळे 2023 पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही!

बाकी बिझ मार्कीने 1993 च्या अल्बमचं नावच "सगळी सॅम्पल्स क्लिअर केलेली आहेत", म्हणजे घेतलेल्या सगळ्या तुकड्यांची परवानगी काढलीय, अशा अर्थाचं ठेवलं. माणूस खोडकर होता.

न्यूजर्सीकर
कायद्याचं तुम्ही बघा, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मी 1994 च्या शेवटी जर्सी सिटीत आलो. हिप-हॉपच्या ठेक्यावर गाणाऱ्या मेरी जे. ब्लाइजचा दुसरा अल्बम नुकताच आला होता, दर तिसऱ्या गाडीतून तोच. ऑफिसात समोर बसणारी बाई पन्नाशीची, चर्चमध्ये गाणारी, रॅपचं नाव काढलं की नाक मुरडणारी. एकदा तिच्या गाडीतून येताना रेडिओवर शीर्षकगीत लागलं. तिने आवाज वाढवला आणि म्हणाली, हे तर आमच्या रॉय एअर्सचं गाणं! 1976 चं. मागे बसलेल्या तिच्या मुलीला रॉय एअर्स कोण ते ठाऊक नव्हतं, पण चाल तोंडपाठ. पुढचे तीन सिग्नल दोघी मिळून गात होत्या, एक जुने शब्द, एक नवे. मी गप्प बसून होतो. चोरीच्या मालावर असं होत नाही हो.

सांगलीची हळद
न्यूजर्सीकर, छान लिहिलंत, पण तो युक्तिवाद नाही, आठवण आहे. (ह. घ्या.)

माझा मुद्दा वेगळाच. ते लोक स्वतः वाजवू शकत नव्हते म्हणून कापायचे, हा समज चुकीचा आहे. डिअँजेलो या सोलगायकाचा 2000 सालचा अल्बम ऐका. ड्रमवर क्वेस्टलव्ह, माणूस हाताने वाजवतोय, पण मुद्दाम किंचित मागे रेंगाळत. ते रेंगाळणं तो कुठे शिकला? डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप निर्मात्याकडून, जो मशीनवर बोटांनी ठेका धरायचा आणि ताल आपोआप सरळ करणारी सोय बंद ठेवायचा. म्हणजे कापाकापीतून नवं वाजवणं जन्माला आलं. नुसत्या चोरीतून ते झालं नसतं.

ढोलकीवाला
हळदताई, हे मात्र पटलं. तो अल्बम मी ऐकलाय, सोबत वाजवायला गेलो तर दहा मिनिटांत हात चुकायला लागला.

पण पैशाचं अजून कोणी बोललं नाही. आणि भूप, तुमच्या निकालाने क्लाइडला काय मिळालं असतं? शून्य. परवानगीचे पैसे जातात रेकॉर्ड कंपनीला आणि ज्याचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून छापलंय त्याला. ड्रमरला त्या दिवसाची मजुरी दिली की विषय संपला. तेव्हा तुमचं कोर्टही माझ्या बाजूचं नाही.

भूप_९
सगळ्यांना न्याय देणारा कायदा मी पाहिलेला नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरा. आपल्याच घरचं उदाहरण घ्या. 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात लताबाईंचं "थोडा रेशम लगता है" बिनदिक्कत वापरलं. बप्पी लाहिरी कोर्टात गेले, आणि 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं की त्यांचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. झालं की नाही काम?

ढोलकीवाला
झालं. बप्पीदांचं झालं.
त्या गाण्यात ठेका कोणी धरलाय, सांगता?