लोणारला कोणत्या ऋतूत जावं?

पिंपरीकर: दिवाळीच्या सुट्टीत लोणारला जावं की उन्हाळ्यात? सोबत आई-बाबा (बाबांचे गुडघे दुखतात) आणि सातवीतली मुलगी. तिला गुलाबी पाणी बघायचंय. ते कधी असतं?

लोणारची लेक: दादा, गुलाबीचं आधी डोक्यातून काढा. माहेरी गेले की जो तो हेच विचारतो! जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग चढवला. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले होते. पाऊस पडला, रंग गेला. तो काही दरवर्षीच्या सणासारखा येत नाही.

दिवाळीतच या. उतारावरची झाडी अजून हिरवी असते, पायवाट वाळलेली असते, बाजारात सीताफळं असतात. श्रावणात कडेवरून तळं फार देखणं दिसतं, पण खाली उतरू नका, दगड शेवाळलेले असतात. नवरात्रात काठावरच्या कमळजादेवीची यात्रा असते. आम्हाला ती गर्दीच हवी असते, तुमच्या बाबांना नको.

माघात पानं झडून मंदिरं झाडीतून मोकळी दिसतात, पक्षीही बरेच. वैशाखात सकाळी नऊलाच डोकं तापतं. तरी मेच्या मध्यावर दैत्यसूदन मंदिरातल्या मूर्तीवर ऊन येतं ते काही दिवस मी चुकवत नाही. बाकी उन्हाळा सोडा.

बाबांना खाली नेऊ नका. सुमारे दीडशे मीटरचा उतार आहे, उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. दैत्यसूदन गावातच आहे, तिथे निवांत बसवा. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायलाच तास जातो. धारेला, म्हणजे गोमुखाच्या झऱ्याला, पायऱ्या आहेत, पण झेपलं तर तिथवर जरूर न्या. गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं आणि खाली एवढं खारं तळं, हे बघण्यासारखं आहे.

पिंपरीकर: ताई, खूप आभार. मुलगी मात्र हिरमुसली. खाली तिला दाखवण्यासारखं काय?

लोणारची लेक: पुडीत चिमूटभर हळद आणि एक वाटी द्या. वाटीत तळ्याचं पाणी घेऊन हळद टाकली की लाल होते. आम्ल-आम्लारीचा धडा तिथेच होऊन जाईल. फक्त ते तळ्यात ओतू नका, रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती. काठाशी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं नाक धरून उलटी फिरतात.

जालनेकर: रेल्वेने आलात तर जालन्याला उतरा, पुढे रस्त्याने. वाटेत सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं जन्मस्थान बघून घ्या. गाडीने असाल तर समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरा. तिथलं शारंगधर बालाजीचं मंदिर दुपारी बंद असू शकतं, वेळ विचारून जा.

लोणारची लेक: आणि मुक्काम कराच. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना भर दुपारचं तळं दिसतं, ते तर आम्हीही बघत नाही.