एसिटालोप्राम चालू असताना सेंट जॉन्स वर्ट आणि अश्वगंधा घ्यावी का?

आर्द्रा (प्रश्न):
कामाच्या सततच्या ताणातून उदासी, झोपमोड आणि छातीत धडधड सुरू झाल्याने मानसोपचारतज्ज्ञांनी मला चार महिन्यांपूर्वी एसिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध १० मिलिग्रॅम सुरू केले. निम्माअधिक फरक पडला, मात्र मन बधिर झाल्यासारखे वाटते, म्हणून वनौषधींकडे वळण्याचा विचार आहे. मावशीने दोन बाटल्या दिल्या आहेत. एकीवर ‘सेंट जॉन्स वर्ट ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा’ असे छापले आहे, तर दुसरीवर ‘अश्वगंधा मूळ अर्क ३०० मिलिग्रॅम, विथॅनोलाइड्स ५ टक्के’. काही आठवडे सगळे एकत्र घेऊन मग गोळी थांबवावी का? गर्भनिरोधक गोळीही चालू आहे, पण तिचा याच्याशी संबंध नसावा.

खलबत्ता:
संबंध आहे, आणि तुम्ही जे शेवटी जाता जाता लिहिले आहे तेच मला अधिक काळजीचे वाटते. मी औषधनिर्माता आहे. सेंट जॉन्स वर्टमधील हायपरफोरिन हे द्रव्य यकृतातील सीवायपी३ए४ या एन्झाइमचे प्रमाण वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके शरीरातून लवकर बाहेर पडतात आणि गोळी नेमाने घेऊनही गर्भधारणा होऊ शकते. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे), सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतरचे), डिगॉक्सिन (हृदयाचे) या औषधांचाही प्रभाव ही वनस्पती घटवते. एसिटालोप्रामसोबत अडचण वेगळी आहे: दोन्हींमुळे शरीरातील सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढत जाऊन घाम, थरथर, अस्वस्थता, जुलाब आणि ताप अशी अवस्था येऊ शकते, जी क्वचित प्राणघातक ठरते.

वनस्पती निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. २००८च्या कोक्रेन समीक्षेत (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्णांच्या आधारे नैराश्यावर तिचा उपयोग प्लासिबोहून (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीहून) अधिक आढळला होता. जी गुण देते, ती इतर औषधांच्या आड येणारच नाही, असे मानायला मात्र आधार नाही.

दुपारची_सावली:
मी याच विचाराने एसिटालोप्रामची गोळी एका दिवसात सोडली होती. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे व्हायचे, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागे. आजार उलटला असे समजून मी घाबरले. प्रत्यक्षात गोळी अचानक बंद केल्याचा तो परिणाम होता. पुन्हा सुरू करून डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. मन बधिर होण्याची तक्रार त्यांना जरूर सांगा. त्यावर मात्रा किंवा औषध बदलता येते.

मूलक:
आयुर्वेदाचा पदवीधर म्हणून अश्वगंधेपुरते लिहितो. ताण आणि झोप यांवर मुळाच्या अर्काच्या काही चाचण्या अनुकूल आहेत, पण बहुतेक लहान आणि साधारण आठ आठवड्यांच्या आहेत. चमचाभर चूर्ण म्हणजे अर्काची कॅप्सूल नव्हे, ही गल्लत सर्रास होते. थायरॉइड संप्रेरके वाढलेली असतील, यकृताचा विकार असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर ती टाळावी. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मोजक्या असल्या तरी आहेत. झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते.

जाता जाता एक गोष्ट. सर्पगंधा ही मनोविकारांवर आणि निद्रानाशावर परंपरेने दिली जाणारी वनस्पती. १९५२ मध्ये तिच्यातून वेगळे केलेले रिसर्पिन रक्तदाबासाठी वापरात आले, आणि काही रुग्णांना त्यानेच उदासी आल्याच्या नोंदी झाल्या. म्हणून मिश्र चूर्णाच्या डबीवरील बारीक अक्षरे मी आधी वाचतो.

आर्द्रा:
सर्वांचे आभार. खरे सांगायचे तर, प्रश्न विचारण्याआधीच पहिल्या बाटलीतील नऊ कॅप्सूल मी घेतल्या होत्या. एसिटालोप्राम चालूच आहे. कालपासून हात किंचित थरथरतात. मला ते चहाचे वाटले.

खलबत्ता:
त्या कॅप्सूल आत्ताच थांबवा, एसिटालोप्राम मनाने बंद करू नका, आणि उद्यावर न टाकता डॉक्टरांना फोन करून हा आकडा व थरथर दोन्ही सांगा. ताप, स्नायूंचा ताठरपणा किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर फोनची वाट न पाहता बाटली सोबत घेऊन तातडीच्या विभागात जा. एन्झाइमवरील परिणाम कॅप्सूल थांबवल्यावरही रेंगाळतो, म्हणून पुढील चार आठवडे गर्भनिरोधक गोळीसोबत कंडोमही वापरावा.