इंग्रजी वाक्प्रचार: पाठांतर सोडून दुसरा उपाय आहे का?

पाटीपेन्सिल:
मंडळी, आमची टीम अमेरिकेतली, रोज मीटिंग. व्याकरणाचं निभतं, वाक्प्रचार आला की दांडी गुल. परवा माझ्या प्रस्तावावर मॅनेजरबाई म्हणाल्या, 'लेट्स टेबल धिस.' मला वाटलं, आला विषय पटलावर! रात्र जागून अकरा स्लाइड केल्या. सकाळी स्क्रीन शेअर केली तर सगळे चिडीचूप. त्यांनी विषय केव्हाच बासनात गुंडाळला होता. आता 'पाचशे इडियम्स' छापाचं पुस्तक पाठ करतोय, सत्तराव्यावर आहे. याहून बरं काही सुचवा.

उंटावरचा_शहाणा:
तुमची फार चूक नाही हो. 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत लांबणीवर टाकणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी याच शब्दावरून तावातावाने भांडले. हवं होतं दोघांनाही एकच! चर्चिलने महायुद्धाच्या इतिहासात हे लिहून ठेवलंय. आपलं 'पटलावर ठेवणे' ब्रिटिश वळणाचं, म्हणून तुम्ही फसलात.
पुस्तक मिटा. केंब्रिजचा शब्दकोश नेटवर फुकट आहे. अर्थाशेजारी यूके की यूएस, बोलीतला की जुनाट, हेही दिलेलं असतं. आधी ती खूण बघायची, मग अर्थ.

जाईजुई:
जुनाट म्हणालात म्हणून. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' असल्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर. मी तरी कुणाच्या तोंडून फारसं ऐकलं नाही.
खरी गोची ओळखीच्या शब्दांची. 'यू आर पुलिंग माय लेग' म्हणजे 'थट्टा करताय ना?' आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. एक सहकारी मला हसत हसत असं म्हणाला आणि मी दुपारभर घुश्शात! उलट 'टर्न अ ब्लाइंड आय'ला आपला कानाडोळा चपखल बसतो, वर कान फुकट.
मी वहीत सुटा वाक्प्रचार लिहीत नाही. अख्खं वाक्य, आणि कोण कुणाला कशावरून म्हणालं ते. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं नसणं, हे माझ्या लक्षात राहिलं ते एकीने त्या कारणाने रजा टाकली म्हणून. मी हवामान बघत बसले होते.

चष्मिष्ट:
अमेरिकन टीम असेल तर थोडं बेसबॉल समजून घ्या. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे जरा बोलून घेणं. 'रेन चेक' हा पावसाने सामना बुडाला की पुढच्या सामन्याला चालणारा तिकिटाचा तुकडा. आता अर्थ 'आज राहू दे, पुन्हा कधीतरी'.
व्युत्पत्तीच्या ढकलपत्रांपासून मात्र लांब राहा. गवताच्या छपरावरून पावसात कुत्री-मांजरं घसरून पडायची म्हणे! शुद्ध थाप.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार. केंब्रिजमध्ये 'टेबल' बघितलं, दोन्ही अर्थ आहेत की. पुस्तक मिटलं, वही काढली. पहिली नोंद आजचीच: 'लेट्स सर्कल बॅक.' बाईच म्हणाल्या. हेही बासनातच का?

उंटावरचा_शहाणा:
बोलायचं म्हणजे 'यावर नंतर बोलू'. खरोखर बोलतात की नाही, ते माणसावर आहे. स्लाइड पुसू नका.