वेल्डिंग शॉपच्या प्रथमोपचार पेटीत भाजण्यासाठी काय ठेवावं?

प्रश्न: पाळीला 25 माणसं असतात. पेटीत कापूस, आयोडीन आणि भाजल्यावर लावायचं मलम आहे. पुरेल का?

उत्तर 1: मलम आधी लावूच नका. भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. बर्फ नको, त्यानं कातडीला आणखी इजा होते. सूज चढायच्या आत अंगठी, घड्याळ काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. म्हणजे पेटीच्याही आधी जवळ नळ हवा.

उत्तर 2: कापूस काढाच, तंतू जखमेत अडकतात. न चिकटणारं निर्जंतुक ड्रेसिंग, रोलर बँडेज, हातमोजे, बोथट टोकाची कात्री ठेवा. क्लिंग फिल्मही (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) उत्तम: रोलचा पहिला वेढा फेकून द्या आणि तुकडा जखमेवर नुसता पसरा. गुंडाळलात तर सूज आल्यावर आवळतो.

प्रश्नकर्ता: पेटीला कुलूप आहे, चावी सुपरवायझरकडे.

उत्तर 3: कुलूप आजच काढा! दर महिन्याला मुदती तपासा. प्रशिक्षित माणसं प्रत्येक पाळीत दोन हवीत, एक रजेवर असतोच. चेहरा भाजला किंवा विजेनं भाजलं, तर जखम लहान दिसली तरी थेट रुग्णालय.