लष्करी अळी ट्रकमधून येते म्हणे!

वायंगणवाला: काल इथे एकाने लिहिलं की कर्नाटकातून गोव्यात उतरणाऱ्या चोर्ले घाटात मक्याचे अन् चाऱ्याचे ट्रक अडवले की गोव्यातली मक्यावरची लष्करी अळी संपेल. वाचून राहवलं नाही. अहो, तिचा पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर उडतो, त्याला नाका कसला अडवणार? 2018 ला कर्नाटकात सापडली तेव्हाच आपली पाळी ठरली होती. ट्रक मोजण्यापेक्षा मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, वाकून बघा, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली अन् अळीच्या डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असले की तीच.

चोर्लेकर: ते मीच लिहिलं होतं. अमेरिकेतली अळी 2016 ला आफ्रिकेत निघाली ती काय समुद्रावरून उडत आली? बहुधा मालाबरोबरच. माझा पाच गुंठे मका गेलाय, पोंगे चाळणीसारखे झालेत, म्हणून बोलतो.

सत्तरीची माती: तुम्ही ट्रक नि पतंग करत बसा, पडीक शेतांचं कोण बोलणार? माझ्या शेजारच्या शेतात कमरेएवढं गवत, भाटकार म्हणजे जमीनमालक पोर्तुगालात. गेल्या पावसाळ्यात अळ्या तिथून माझ्या तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांत, उतरल्या, संध्याकाळी हिरवागार होता, सकाळी गुरं चरून गेल्यासारख्या नुसत्या काड्या.

वायंगणवाला: भातावरची लष्करी अळी वेगळी हो, मक्याची ती नव्हे.

सत्तरीची माती: वेगळी असू दे, तरवा माझाच गेला ना!

मुंबैकर भाटकार: मालकाला शिव्या देणं सोपं आहे. एक हंगाम कसायला दिलं की कूळ लागतं, 1964 च्या कूळ कायद्यापासून हेच भय. आमचं अर्धं शेत असंच गेलं.

सत्तरीची माती: गेलं नाही, कसणाऱ्याला मिळालं! माझ्या आजोबांनी तिथे घाम गाळलाय, तुम्ही चवथीपुरते येता. निदान गवत तरी कापा.

मुंबैकर भाटकार: आवाज खाली. गवत कापायला माणूस लावतो यंदा, पण कुळाचा विषय काढू नका.

चोर्लेकर: अरे, माझ्या मक्याचं काय?

वायंगणवाला: समुद्राचं तुमचं मान्य, बाकी नाही. पानावर करड्या कापसाने झाकलेले अंड्यांचे पुंजके दिसले की चिरडा, एकेकात शंभर-दोनशे असतात. अळी लहान आहे तोवरच निंबोळी अर्क मारा, तोही संध्याकाळी, दिवसा ती पोंग्यात दडून बसते. मोठी झाली की काही उपयोग नाही. अन् माती, तरव्यात पाणी तुंबवून बदकं सोड, अळ्या वर तरंगतात, आमच्याकडे आई तेच करायची.

सत्तरीची माती: बदकं आहेत. पाणी शेजारच्या फुटक्या बांधातून जातं, तो बांधही त्या पोर्तुगालातल्या भाटकाराचाच.